शेवया तुटू नयेत म्हणून रात्र जागवणारी मुलगी

ताई, नमस्कार.

सातपूरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला. तुमच्या बचत गटाच्या तांदळाच्या शेवया उकळत्या पाण्यात तुटायच्या, लगदा व्हायचा. तिने त्या वाफवून रात्रभर झाकून गार ठेवल्या, सकाळी सुकवल्या, आणि शेवई अखंड राहिली. आता तिला 'रेझिस्टंट स्टार्च'वरच शिकायचंय. तुम्ही विचारता, बी. फार्मसी सोडून शेवयांत कसलं करिअर?

आधी तिच्या हाती काय लागलंय ते बघा. तांदूळ शिजताना त्यातला स्टार्च, म्हणजे पिष्ट, पाणी पिऊन फुगतो. गार होताना त्यातल्या अमायलोज नावाच्या घटकाच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट धरतात. सकाळची तांदळाची भाकरी संध्याकाळी कडक होते ती यामुळेच. भाकरीत जी खोड, तीच शेवईत ताकद! अशा घट्ट झालेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतो. तोच रेझिस्टंट स्टार्च. मक्यापासून केलेला तयारही मिळतो. तंतुमय भाग वाढवायला कोंडा मिसळला तर पीठ पाणी ओढतं, शेवई खरखरीत होते. हा स्टार्च मात्र पांढरा, बारीक, बेचव, आणि पाणी कमी ओढणारा. प्रमाण चुकलं तर तोही शेवई ठिसूळ करतो. कुठला तांदूळ, किती स्टार्च, किती तास गार, हे ठरवणं म्हणजेच फूड टेक्नॉलॉजी.

तिने गणित सोडू नये. बी. टेक.साठी पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, आणि एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा. परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय आणि माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था डोळ्यासमोर ठेवा. नाहीतर केमिस्ट्री घेऊन बीएस्सी आणि मग म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एमएस्सी. मला स्वतःला ही दुसरी वाटही तितकीच आवडते.

एक स्पष्ट सांगतो. पहिली नोकरी बहुधा क्वालिटी कंट्रोलची असते, शिफ्टची, पगार बेताचा. नवं उत्पादन घडवण्याचं काम हवं तर पुढे एम. टेक. किंवा पीएचडी लागते. सहा-सात वर्षांची तयारी ठेवा. आणि शेवयांच्या पाकिटावर 'शुगर वाढत नाही' असं आत्ताच छापू नका. अशा दाव्यांना पुरावा लागतो, त्यासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत.

फार्मसी वाईट नाही. पण जी पोर शेवईसाठी रात्री उठून डबा उघडून बघते, तिला तुम्ही दुसरीकडे का वळवता?

तिला एक वही आणून द्या. इगतपुरीकडचा चिकट इंद्रायणी आणि एखादा मोकळा शिजणारा तांदूळ, दोन्हींच्या शेवया करू द्या. पाणी मापून, चार तास आणि बारा तास गार करून. प्रत्येकी पन्नास शेवया दहा मिनिटं उकळायच्या आणि तुटलेल्या मोजायच्या. दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन दोघी या, मग कॉलेजांची यादी करू.