समुद्राजवळची थंड खोरी आणि वाइन

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. कॅलिफोर्नियातील अँडरसन व्हॅली समुद्राजवळ असल्यामुळे थंड राहते आणि म्हणून तिथली वाइन चांगली होते, असे वाचनात आले. आपल्या कोकणात तर समुद्र म्हणजे उकाडा. मग तिथे हे कसे घडते, आणि थंडीमुळे द्राक्षात नेमका काय फरक पडतो?
– एक बागायतदार, नाशिक जिल्हा

उत्तर : फरक समुद्राच्या पाण्यातच आहे. कोकणासमोरचे पाणी वर्षभर कोमट असते. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मात्र वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारे वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात व त्याच्या जागी खोलातले गार पाणी वर येते. त्यामुळे ऐन जूनमध्येही तिथला समुद्र बहुधा 10 ते 13 अंश सेल्सिअस असतो आणि त्यावरून येणाऱ्या दमट हवेचे धुके होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मेंडोसिनो काउंटीत, नवारो नदीचे सुमारे 25 किलोमीटर लांबीचे हे खोरे समुद्राच्या दिशेने उघडे असल्याने रात्री धुके थेट आत शिरते आणि दुपारपर्यंत विरते. दिवसा पारा 30 अंशांजवळ गेला, तरी पहाटे तो 10 अंशांच्या आसपास उतरतो.

वाइनसाठी महत्त्वाची आहे ती ही रात्र. द्राक्षाच्या मण्यातले मॅलिक आम्ल, म्हणजे आंबटपणा देणारे एक आम्ल, वेलाच्या श्वसनात खर्च होते आणि हवा जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) चढत असतानाच ऊन वाढते, म्हणून साखर आली तरी आम्ल घसरलेले असते, हा अनुभव तुम्हाला असेलच. अँडरसन व्हॅलीत साखर सावकाश भरते, तोवर सुगंध आणि सालीचा रंग यांनाही पुरेसा वेळ मिळतो, आणि आम्ल टिकते. पिनो नुआरसारखी पातळ सालीची नाजूक जात तिथे रुजली ती यामुळेच. फ्रान्समधील शँपेनच्या लुई रोदरेर घराण्याने 1982 मध्ये याच खोऱ्यात फेसाळ वाइनसाठी मळे उभारले. अशा वाइनला कमी साखरेची, भरपूर आम्लाची द्राक्षे लागतात आणि ती ऑगस्टमध्येच, 18 ते 20 ब्रिक्सच्या सुमारास खुडतात. 1983 मध्ये या खोऱ्याला स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून सरकारी मान्यता मिळाली.

थंडीची किंमतही आहे. वसंतात कोवळ्या फुटींवर हिमकण पडण्याची भीती असते, म्हणून रात्रभर तुषार सिंचन चालवतात. पाणी गोठताना बाहेर पडणारी उष्णता फूट वाचवते. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसल्यामुळे डावणी या बुरशीजन्य रोगाचा त्रास फारसा नाही, परंतु भुरी हा दुसरा बुरशीजन्य रोग आणि घडांतील करडी बुरशी यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

कोकणात अशी बाग जमणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे गार पाणीही नाही आणि पावसाळा मुसळधार. नाशिकमध्ये थंडी समुद्रातून नव्हे, तर उंचीतून आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींतून मिळते. म्हणून वाइनच्या जातींसाठी गोडी बहाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची, छाटणी अशी धरावी, की मणी पक्व होण्याचा काळ शक्य तितका या रात्रींत यावा. पहाटे केलेली खुडणी फळ गार ठेवते, पण गेलेले आम्ल परत आणत नाही.