70 पाइंटचं यंत्र 50चं कसं झालं? डीह्युमिडिफायरवरचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतलं घर, साधारण 1,200 चौरस फुटांचं बेसमेंट, उन्हाळ्यात कुबट वास. 70 पाइंटचा जुना डीह्युमिडिफायर (हवेतली ओल पाणी करून काढणारं यंत्र; ते दिवसाला किती पाणी काढतं ते पाइंटमध्ये सांगतात) बंद पडला आणि दुकानात आता सगळ्यात मोठं मिळतंय ते 50 पाइंटचं. कंपन्यांनी मापात मारलं का? आणि जुन्या यंत्रावर 1.7 होतं, नव्याच्या खोक्यावर 1.8 आहे, तर एवढ्याशा फरकाने वीज कितीशी वाचणार?

मापात कुणी मारलेलं नाही. यंत्र ज्या खोलीत ठेवून मोजतात, ती खोली बदलली आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जुन्या चाचणीत खोलीचं तापमान 80 अंश फॅरनहाइट असायचं. 13 जून 2019 पासून बनलेल्या किंवा आयात झालेल्या पोर्टेबल यंत्रांची चाचणी 65 अंशांना होते. सापेक्ष आर्द्रता दोन्हीकडे 60 टक्केच. पण 80 अंशांच्या त्या हवेत दर घनमीटरला सुमारे 15 ग्रॅम पाणी असतं, 65 अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. शिवाय 80 अंशांच्या हवेतलं पाणी कॉइल (यंत्रातली थंड नळी, जिच्यावर ओल जमते) 18 अंश सेल्सिअसच्या खाली गेली की सुटायला लागतं. 65 अंशांच्या हवेसाठी ती 10 अंशांच्याही खाली न्यावी लागते. म्हणजे पाणी कमी आणि ते काढायला कष्ट जास्त. म्हणून त्याच ताकदीच्या यंत्रावर 70 ऐवजी 50 लिहिलं जातं, जुन्या 50च्या जागी 30-35 आणि जुन्या 30च्या जागी 20-22. बदल योग्यच आहे, कारण बेसमेंट 80 अंशांना क्वचितच असतं. तुमच्या जुन्या 70ची जागा हे 50 पाइंटचंच यंत्र घेईल. एक अमेरिकन पाइंट 473 मिलिलिटरचा, म्हणजे 50 पाइंट हे दिवसाला साधारण 23.7 लिटर.

आता 1.7 आणि 1.8. हा आकडा म्हणजे एका युनिट विजेत किती लिटर पाणी निघालं. ऑक्टोबर 2012 पासून लागू झालेल्या निकषात 54 ते 75 पाइंटच्या गटाला किमान 1.70 लागायचे, पण ते 80 अंशांच्या सोप्या खोलीत. 2019च्या निकषात 25 पाइंटपर्यंत 1.30, 25 ते 50 पाइंटला 1.60 आणि 50च्या वर 2.80. आता मोजतात तो आयईएफ, म्हणजे एकात्मिक ऊर्जा गुणांक. यंत्र थांबलेलं असताना पंखा, सेन्सर आणि डिस्प्ले जी वीज खातात तीही त्यात धरली जाते. जुन्या आकड्यात ती नव्हती. त्यामुळे जुना 1.70 आणि नवा 1.60 शेजारी ठेवून नवं यंत्र वाईट म्हणणं साफ चूक आहे. अवघड खोलीतला, सगळा खर्च धरलेला 1.60 हा जास्त कडक निकष आहे.

50 पाइंटच्या पुढे निकष 1.60वरून एकदम 2.80वर उडी मारतो, ते नीट पाहा. तो गाठायला कॉइल बऱ्याच मोठ्या लागतात, खोका मोठा होतो आणि किंमत चढते. म्हणूनच दुकानातली मोठी यंत्रं बरोबर 50वर थांबतात. 60-70 पाइंटचा आकडा लिहिलेलं नवंकोरं यंत्र स्वस्तात दिसलं, तर तो आकडा कुठल्या तापमानाचा आहे हे आधी विचारा. (डक्टला जोडायच्या पूर्ण घराच्या यंत्रांची चाचणी 73 अंशांना होते आणि त्यांचे गट खोक्याच्या आकारमानावर ठरतात. पोर्टेबलशी त्यांची तुलना करू नका.)

1.60 हा कायद्याचा किमान निकष, तो सगळ्यांना पाळावाच लागतो. एनर्जी स्टार, म्हणजे वीज वाचवणाऱ्या यंत्रांना मिळणारं सरकारी चिन्ह, ऐच्छिक आहे. त्याच्या 2019पासूनच्या निकषात याच गटाला 1.80 लागतात, म्हणजे तुमच्या खोक्यावरचा आकडा तोच. वीज कंपन्यांची सवलत बहुधा एनर्जी स्टार यादीतल्या मॉडेललाच मिळते, म्हणून खरेदीआधी मॉडेल क्रमांक अक्षर न अक्षर जुळवून पाहा. शेवटचं एक अक्षर वेगळं निघालं तरी अर्ज परत येऊ शकतो.

पैशात फरक असा: रोज 15 लिटर पाणी, वर्षात 150 दिवस, म्हणजे 2,250 लिटर. 1.60ला 1,406 युनिट, 1.80ला 1,250. दर 20 सेंट धरला तर वर्षाला सुमारे 31 डॉलर. यंत्र पाच-सहा वर्षं चाललं तर वरचे 40-50 डॉलर देणं सहज परवडतं.

यंत्र जास्त वीज खातं ते बहुतेक वेळा चुकीच्या सेटिंगमुळे. यंत्रावरचं आर्द्रतेचं वाचन पाच-दहा टक्क्यांनी चुकलेलं असू शकतं. दहा-पंधरा डॉलरचा वेगळा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं उपकरण) घ्या आणि आधी तोच तपासा. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ भरा आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून 10-12 तास ठेवा. वाचन 75 टक्के यायला हवं. 70 आलं तर यापुढे प्रत्येक वाचनात 5 मिळवा. मग बेसमेंट खऱ्या 50 टक्क्यांवर ठेवा. 35-40वर लावून ठेवलं तर यंत्र जवळजवळ थांबतच नाही आणि त्या कोरड्या हवेत लिटरमागे वीजही जास्त लागते.

जुलैत "हवा खेळू दे" म्हणून बेसमेंटच्या खिडक्या उघडू नका. बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं) 21 अंश सेल्सिअस आणि भिंत 18 अंशांची असेल, तर बाहेरची हवा भिंतीवर पाणीच सोडणार. बुरशी तिथूनच सुरू होते. पन्हळीचं पाणी घराच्या पायापासून लांब सोडलंय ना आणि कपड्यांच्या ड्रायरची नळी निसटलेली नाही ना, हेही पाहा.

नवं यंत्र खरंच लिहिल्यासारखं चालतंय का, हे घरी मोजता येतं. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर घ्या, 24 तास यंत्र चालवा आणि निघालेलं सगळं पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. किलो म्हणजेच लिटर. 9.2 किलो पाणी आणि 5.8 युनिट, तर 1.59. खोली 65 अंश आणि 60 टक्क्यांच्या आसपास असताना हे ठीक आहे. 50 टक्क्यांना आकडा कमी येणारच, त्यात यंत्राचा दोष नाही. पण 60 टक्क्यांनाही 1च्या खाली आला, तर आधी फिल्टर धुवा आणि मग पुढची जाळी काढून कॉइल पाहा. सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ असेल तर खोली फार थंड आहे किंवा हवा अडली आहे. कॉइलचा एकच भाग गोठलाय आणि उरलेली कोरडी आहे, तर बहुतेक गॅस कमी झालाय. सीलबंद यंत्रात गॅस भरून घेणं परवडत नाही, वॉरंटी मागा.

घेताना आणखी एक बघा: ठरवलेली आर्द्रता गाठल्यावर पंखाही बंद होतो का? तो फिरत राहिला तर ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडतं. पाण्याची नळी ड्रेनकडे दर फुटाला निदान पाव इंच उतरती ठेवा. मध्ये कुठे झोळ पडला की पाणी साचतं आणि बादली भरून यंत्र बंद पडतं. एक्स्टेंशन वायर वापरू नका.

जुनं यंत्र कुणाकडून घेत असाल, तर मागच्या पट्टीवरची तारीख आणि मॉडेल क्रमांक सीपीएससीच्या (अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग) परत मागवलेल्या मालाच्या यादीत तपासल्याशिवाय घरात आणू नका. 2013मध्ये आगीच्या धोक्यामुळे सुमारे 22 लाख डीह्युमिडिफायर परत मागवले गेले होते आणि अशी यंत्रं अजूनही हातोहात विकली जातात.

ज्यांनी इथलं यंत्र कोकणातल्या घरी न्यायचं विचारलंय त्यांना: नेऊ नका. ट्रान्सफॉर्मर 230चे 115 व्होल्ट करील, पण 50 हर्ट्झचे 60 करणार नाही, कॉम्प्रेसर तापेल. तिकडे घेताना खोक्यावरचे लिटर बरेचदा 30 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रतेचे असतात, ते इथल्या पाइंटांशी लावू नका.

मिठाच्या चाचणीचं वाचन, बेसमेंटचं तापमान आणि 24 तासांचं पाणी व युनिट एवढं इथे लिहा. 50 पाइंट पुरेल की ओल बाहेरून झिरपतेय, ते त्यावरून सांगता येईल.