त्या अकरा दिवसांचा हिशेब

पत्र : माझी मुलगी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय वीस. आठवीपासून कबड्डी खेळते, चढाई तिची चांगली. ऑक्टोबरात झोनलच्या (विभागीय) मॅचला गुडघा मुरगळला. संध्याकाळपर्यंत टरारून सुजला. सरांनी बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं. अकरा दिवसांनी इंटरझोनल (आंतरविभागीय) होती, तिथं तिला उतरवलं. आदल्या रात्री तिचा फोन आला होता, पाय दुखतोय म्हणाली. मी म्हणालो, एवढी मॅच काढ, मग आराम कर. सेकंड हाफमध्ये वळताना पडली ती उठलीच नाही. सांध्याची हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं, हाडांमधली गादीही फाटली. जानेवारीत कर्ज काढून ऑपरेशन केलं. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची होती, ती गेली. सर म्हणतात, तिनं दुखतंय म्हणून सांगितलंच नाही. कॉलेज म्हणतं, तुम्ही हमीपत्रावर सही केलीय. बायको म्हणते, खेळाचं वेड तुम्हीच लावलं. पाहुणे म्हणतात, आता लग्न उरकून टाका. पोरगी दार लावून बसते. याला जबाबदार कोण? आणि तिचं पुढं काय?

— एक वडील

उत्तर :

नमस्कार.

फोनवर आपण काय बोललो हे तुम्ही लपवलं नाही, त्यामुळे मलाही आडपडदा न ठेवता लिहिता येईल.

झोनलच्या मॅचमध्ये गुडघा मुरगळला, त्याला कुणी जबाबदार नाही. चढाईला गेलेली मुलगी निदानरेषेपर्यंत, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेपर्यंत, जाते, थबकते, अंग वळवते आणि कुणीतरी घोटा धरलेला असताना मध्यरेषेकडे झेपावते. गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट नेमकं अशाच वळणाला तुटतं. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. मांड्यांची ताकद वाढवून, वळण्याचा आणि उडीनंतर जमिनीवर उतरण्याचा नीट सराव करून धोका कमी करता येतो. तो सराव तुमच्या कॉलेजात घेतात का, हे विचारायला हवं. पण त्या दिवशीचं पडणं खेळातलं होतं.

पुढच्या अकरा दिवसांचं तसं नाही.

मार लागल्यावर काही तासांत गुडघा भरून आला, तर आत रक्त साचल्याची शंका घ्यायची असते आणि त्यामागे पुष्कळदा एसीएलच असतं. हाडांच्या डॉक्टरांना नुसत्या हाताने तपासूनही बरंच कळतं, एमआरआयने खात्री होते. फसगत होते ती यानंतर. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, मुलगी सरळ चालते, हळूहळू पळूही लागते, कारण सरळ चालायला एसीएल फारसं लागत नाही. सगळ्यांना वाटतं, झाला बरा. मग ती मॅटवर वळते, गुडघा जागेवरून सरकतो आणि मधली गादी त्यात सापडते. गादी पहिल्या दिवशी फाटली की अकराव्या, हे तुमच्या सर्जनना मुद्दाम विचारा आणि त्यांचं मत कागदावर घ्या. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कागदात असेल.

आता सरांचं म्हणणं. तिनं सांगितलं नाही, असं आपण घटकाभर खरं धरू. पण सुजलेला गुडघा डोळ्यांना दिसतो. ज्यांनी स्वतःच्या हातानं बँडेज बांधलं त्यांना तो कुणी सांगावा लागत नाही. आणि संघातली जागा ज्यांच्या हातात, त्यांनाच वीस वर्षांच्या मुलीनं 'मी खेळू शकत नाही' म्हणावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. विद्यापीठाची निवड तोंडावर होती. आपण बसलो तर आपल्या जागी दुसरी जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खेळाडूला आम्ही सगळे लहानपणापासून दुखणं गिळायलाच शिकवतो, त्यासाठी टाळ्या वाजवतो आणि एखादा जायबंदी झाला की विचारतो, बोलला का नाहीस? अकरा दिवसांत एकदा तरी तिला डॉक्टरकडे नेणं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटपासून लांब ठेवणं, हे सरांचं काम होतं. ते झालं नाही. सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी त्यांच्या एकट्याच्या गळ्यात सगळं घालून कॉलेजला मोकळं सोडू नका. तालुक्याच्या कॉलेजात बहुतेक वेळा एकच शिक्षक सगळे खेळ बघतो. फिजिओ नसतो, मॅचला डॉक्टर नसतो आणि वर्षअखेरीला त्याला विचारतात ते एवढंच, ढाली किती आणल्या? प्राचार्यांच्या केबिनमधल्या त्या ढाली कॉलेजच्या नावावर असतात. मग गुडघा एकट्या पालकाच्या नावावर कसा?

हमीपत्राचं मनावर घेऊ नका. खेळात इजा होऊ शकते, हे मान्य करून तुम्ही सही केलीत. जखमी झाल्यावरही उतरवा, असं त्या कागदात लिहिलेलं नव्हतं. कॉलेजांची ही पळवाट जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट लुईस कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना रे डेनिसन या तरुणाच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असा एकूण सूर होता. जिंकेपर्यंत खेळाडू कॉलेजचा आणि पडला की आईबापांचा, हा न्याय मला तेव्हाचाही पटत नाही आणि आजचाही नाही.

तुमचा वाटा. तुमच्या पत्नीचं म्हणणं मला मान्य नाही. मुलीला खेळाची गोडी लावली यात तुमची चूक नाही. आपल्याकडे किती मुलींना कुणी मैदानावर जाऊ देतं? पण त्या रात्रीचं वाक्य तुमचं आहे. पोरीनं पाय दुखतोय हे सांगायला जे एक दार वाजवलं, ते तुमचं होतं. हे तिला एकदा स्वच्छ सांगा : 'त्या रात्री मी चुकलो, मी तुला थांबवायला हवं होतं.' त्यापुढे 'पण' जोडू नका. ती दार लावून बसते, त्यामागे माझ्या अनुभवात एक गोष्ट हमखास असते. घरात प्रत्येक जण दुसऱ्याला दोष देतो आणि पोर समजते की या सगळ्याचं मूळ मीच.

हे मी तुम्हाला वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धावणाऱ्या मुलाला मी सल्ला दिला होता की यंदा परीक्षा सोड, मैदानावर लक्ष दे, परीक्षा काय पुढच्या वर्षीही येते. त्याच हंगामात त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. पदकही नाही आणि वर्षही नाही. त्याला मी त्या वेळी भेटायलाही गेलो नाही, जाववलं नाही. त्याची खंत अजून आहे.

तिचाही एक लहानसा वाटा आहे, तो तिच्याकडून हिसकावून घेऊ नका. दुखणं सांगायचं असतं, थांबायचं असतं, हे तिला पुढच्या आयुष्यात लागणार आहे. फक्त ते आज, जखम ओली असताना, कुणी तिला ऐकवू नये.

आता पुढचं. कबड्डी संपली की नाही, याचा निकाल ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांत लागत नसतो. पळापळीच्या, वळणाच्या खेळात परतायला कमीत कमी नऊ महिने धरतात. नुसते महिने मोजूनही चालत नाही. दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या जवळपास सारख्या आल्या पाहिजेत. त्याआधी उतरलेल्या तरुण खेळाडूंचं लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका फार असतो. गादीही शिवली असेल तर आणखी धीर धरावा लागेल. आंतरविद्यापीठ स्पर्धांना पंचविशीपर्यंत खेळता येतं, ती विशीत आहे, तेव्हा घाई कुणालाच नको. कर्जाच्या ओझ्याखाली फिजिओथेरपी मात्र सोडू नका. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं असं समजून लोक व्यायाम बंद करतात आणि चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जातं.

पाहुणे कदाचित कुस्तीपटू विनेश फोगटचं नाव घेतील. खरं आहे, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिला गुडघ्याच्या दुखापतीने स्ट्रेचरवरून न्यावं लागलं आणि २०१८ मध्ये जकार्तात तिनं आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. पण तिच्यामागे सर्जन होते, फिजिओ होते, खर्च उचलणारी माणसं होती. तुमच्या मुलीला विनेशची गोष्ट सांगून उभारी द्यायची असेल, तर आधी फिजिओकडे जायच्या एसटीच्या भाड्याची सोय बघा.

यंदाची परीक्षा तिनं द्यावी. हजेरी कमी भरत असेल तर वैद्यकीय कागद आणि खेळाचे दाखले जोडून प्राचार्यांकडे सवलतीचा अर्ज करा. एखादा विषय राहिला तर एटीकेटी, म्हणजे तो विषय सोबत घेऊन पुढच्या वर्षात जायची मुभा, आहे, आभाळ कोसळत नाही. पदवी मात्र हवीच, कारण खेळातले पुढचे बहुतेक रस्ते तिथूनच जातात. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचं बी.पी.एड. पदवीनंतर असतं आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेत मैदानी चाचणीही असते, म्हणजे गुडघ्याला तोवर वेळ मिळतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची एक वर्षाची पदविका आहे. राज्य कबड्डी संघटनेची पंच परीक्षा तर ती बसल्या जागी अभ्यासून देऊ शकेल. चढाईपटूच्या डोळ्याला जे दिसतं ते पुस्तक वाचून आलेल्या पंचाला दिसत नाही, आणि मुलींच्या सामन्यांना बाई पंच हव्यातच. फिजिओथेरपीचा विचार मनात असेल तर बारावी सायन्सला जीवशास्त्र लागतं, ते तिनं घेतलं नसेल तर तो रस्ता तिच्यासाठी बंद आहे. त्यात जीव अडकवू नका.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी आधीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात आणि कोणत्या पदाला कुठल्या स्तरावरची कामगिरी चालते ते ठरलेलं असतं. सगळे दाखले एका फाइलमध्ये लावा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे एक चक्कर मारा. पोलीस भरतीचं मनात असेल तर मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. सर्जनना विचारल्याशिवाय ती तयारी सुरू करू नका.

लग्नाचं. पायात दोष राहील म्हणून घाईनं उजवून टाकायची, हा विचार तिच्या कानावर पडला असेल तर तिनं दार लावलं यात नवल नाही. तिच्यासमोर पाहुण्यांना एकदा सांगा, हा विषय आमच्या घरात सध्या नाही.

उरला पैसा. फीच्या पावतीवर विद्यार्थी विमा किंवा अपघात विमा असं काही खातं आहे का बघा. असेल तर कॉलेज आणि विद्यापीठ दोघांकडे दाव्याची मुदत विचारा, आजच. ऑपरेशनचा खर्च उचलण्याची मागणी प्राचार्यांकडे लेखी करा. दाद लागली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. वकिलाचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, म्हणून अर्ज मुलीच्या नावानं करा. सरांना शिक्षा व्हावी म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही, ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा. पण मागणीत एक ओळ नक्की घाला : यापुढे जखमी खेळाडूला डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेजनं मॅचला उतरवू नये. तुमच्या मुलीच्या संघात अजून अकरा मुली आहेत.

त्या अकरा दिवसांत जे झालं ते सगळं तोंडी झालं, म्हणून आज प्रत्येक जण आपलं वेगळं सांगतोय. अर्ज दोन प्रतींत करा, एक तिथं द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच घरी या.