अठ्ठावन्नाव्या वर्षी रिस्टोरेटिव्ह योग शिकवायचा तर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गातल्या निवृत्त बाईंना आता स्वतः रिस्टोरेटिव्हचा, म्हणजे आधारांवर अंग सोडून विश्रांती घ्यायच्या योगाचा, वर्ग घ्यायचाय आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना तयार करावं का, असं तू विचारलंस. खुशाल कर. फक्त तू ज्या क्रमानं शिकलीस तो क्रम उलटा लाव. तुला आधी आसनं आली आणि ती दुसऱ्याला लावणं मागाहून आलं. बाईंना पहिल्या दिवसापासून लोड, वाकळ आणि खुर्ची हाताळू दे. या वर्गात शिक्षिकेनं करून दाखवायचं जवळजवळ काहीच नसतं. पडलेल्या माणसाचं अंग कुठं अधांतरी राहिलंय ते दिसावं लागतं, आणि तिथं बरोबर तेवढ्याच उंचीचं काहीतरी सरकवता यावं लागतं. हे साठीतही उत्तम येतं.

आधार लावण्याची ही रीत पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी घडवली. १९७५ साली त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या अमेरिकन शिष्या ज्युडिथ लासाटर यांनी त्यातला विश्रांतीचा भाग पुढं वाढवला आणि रिस्टोरेटिव्ह हे नाव रुळलं. म्हणून कुणी ‘हे परदेशी फॅड’ म्हटलं तर वाद घालत बसू नका. आणि महागडे बोल्स्टर, म्हणजे तयार लोडही मागवू नका. परभणीत राहून कापूस ऑनलाइन मागवायचा म्हणजे कमालच झाली.

गादीवाल्याला माप लिहूनच द्या: लांबी २४ इंच, व्यास ९ इंच, आत मांजरपाट, वरून काढता येणारी खोळ. रुई पिंजलेली हवी आणि ठासून भरलेली, एका लोडाला साडेतीन ते चार किलो. तो ‘दोन किलोत होतं की ताई’ म्हणेल. दोन किलोचा लोड महिन्याभरात मधोमध खचतो आणि पाठ त्या खड्ड्यात जाते. घेताना लोडावर पूर्ण वजन टाकून बसायचं. दोन-तीन बोटांपेक्षा जास्त दबला तर परत भरून घ्यायचा. फायबरचा तर नकोच, तो अंगाखालून निसटतो. घडी करून ठेवायला आपली वाकळ ब्लँकेटपेक्षा सरस, कारण टाके असल्यानं ती घसरत नाही. खोळी धुवायला मे महिन्यात पाणी कुठून आणणार, म्हणून प्रत्येकीनं घरून स्वतःची चादर आणावी आणि लोडावर टाकावी.

डोळ्यांवर ठेवायच्या पिशवीत जवस भरा. ८ बाय ४ इंचाच्या सुती पिशवीत दीडशे-दोनशे ग्रॅम पुरे. ती धुता येत नाही, म्हणून वर रुमाल घालायचा आणि पिशव्या स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. काचबिंदू असलेल्या किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या डोळ्यांवर मात्र कसलंही वजन ठेवायचं नाही.

आता एक आसन नीट घेऊ, सुप्त बद्धकोणासन, म्हणजे तळवे एकमेकांना जोडून, गुडघे बाजूला सोडून उताणं पडणं. यातलं लावणं आलं की बाकीच्यातलं अर्धं आलं. लोड पाठीच्या कण्याच्या रेषेत जमिनीवर ठेवायचा, त्याचं टोक माकडहाडाच्या जरा वर कमरेला टेकेल असं. बैठक जमिनीवर. डोक्याकडची बाजू खाली पाट सरकवून चार-पाच इंच उचलायची. मग हातांवर भार देत सावकाश मागं टेकायचं. इथं पहिली तक्रार कमरेची येते. शिकायला आलेली ‘ताण बसतोय, बरं वाटतंय’ म्हणते, पण कपाळाला आठी असते. विश्वास आठीवर ठेवायचा. बैठकीखाली वाकळेची दोन इंची घडी दिली की कमरेची कमान कमी होते आणि बहुतेकींची तक्रार तिथंच मिटते. दुसरी चूक मांड्यांची. गुडघे बाजूला लोंबते राहिले तर त्या वेळी कळत नाही, दुसऱ्या दिवशी जांघ धरते. दोन्ही मांड्यांखाली सारख्या जाडीच्या वळकट्या हव्यात, आणि त्या गुडघ्याखाली नकोत, मांडीच्या बाहेरच्या अंगाला लागल्या पाहिजेत. तिसरी चूक हातांची. कोपर लोंबलं की बोटांना मुंग्या येतात, म्हणून कोपराखालीही घडी.

शेवटी डोकं. कपाळ हनुवटीपेक्षा थोडं वर हवं. वयानं पाठीला पोक आलेल्या माणसाचं डोकं मागं पडतं आणि हनुवटी छताकडं जाते. अशा वेळी मन शांत होत नाही, मान मात्र दुखायला लागते. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत अंबाडाही बघायला बाईंना शिकव. तो बरोबर टेकायच्या जागी येतो आणि मान एका बाजूला ढकलतो. सोडायला लावायचा किंवा टाळूकडं सरकवायचा. मंगळसूत्र गळ्यावर येतं, ते बाजूला करायला सांगायचं, आपण हात लावायचा नाही. कानात मशीन असेल तर उशीला टेकून शिट्टी वाजते. सूचना सगळ्या देऊन झाल्या की मग ते काढू द्यावं, आणि उठवताना खांद्याला हलकेच हात लावू का ते आधी विचारून ठेवावं.

पहिल्या वेळी पाच मिनिटं, पुढं दहा-बारा. उठताना हातांनी गुडघे जवळ घ्यायचे, कुशीवर वळायचं, तिथं एक मिनिट थांबायचं, मग हातानं जमीन दाबत बसायचं आणि डोकं सगळ्यांत शेवटी वर. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं इथंच घाई करून चक्कर येऊन पडतात.

खुर्चीवर पाय ठेवून शवासन सगळ्यांना आवडतं, पण आपल्या पाच फुटी बायकांना १८ इंचांची खुर्ची उंच पडते. काठ गुडघ्यामागं रुततो, पोटऱ्या टेकतच नाहीत. चौरंगावर वाकळा रचा आणि पोटरी पूर्ण टेकेल ती उंची ठेवा. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती वापरूच नका.

वर्गात घेण्याआधी काय विचारायचं ते बाईंकडून पाठ करून घे. रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे का, काचबिंदू आहे का (असेल तर विपरीत करणी, म्हणजे पाय भिंतीला लावून वर करणं, नाही), हाडं ठिसूळ आहेत का (असतील तर पाठ वाकवून पुढं झुकणं नाही), आम्लपित्त आहे का (असेल तर सपाट झोपवायचं नाही). गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर सर्जननं काय मना केलंय ते लिहून आणायला सांगायचं. सर्वांत जपायचं ते मधुमेहाला. सकाळी सहाला इन्शुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी आलेल्या माणसाची साखर शवासनात उतरली, तर बघणाऱ्याला गाढ झोप वाटते. घाम, थरथर, गार पडलेलं अंग यांवर नजर हवी आणि कपाटात साखर हवी. शुद्धीत असेल तर लगेच पाण्यातून द्यायची. नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ लावायचा. पाय बधिर असलेल्यांचं ‘काही टोचत नाही’ हे उत्तर धरायचं नाही, हात घालून बघायचं.

बाईंची खरी अडचण वेगळीच असेल. तीस-पस्तीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. दोन मिनिटं झाली की त्या ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणतील, मग फायदे सांगतील, मग सुविचार. त्यांना घड्याळ दे आणि आधार लावून झाल्यावर आठ मिनिटं तोंड उघडायचं नाही असा सराव करून घे. त्याआधी आवाज खाली आणून एक वाक्य, बस्स. कुणी रडलं तर चौकशी नको, रुमाल जवळ ठेवून पुढं जायचं. कुणाला डोळे मिटून भीती वाटते, त्यांनी उघडे ठेवले तरी चालतात.

त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांचाही हिशेब धर. सहा जणी म्हणजे तासाभरात पंचवीस-तीस वेळा ऊठबस. चाकाचं बुटकं स्टूल घ्या, आणि पहिले तीन महिने चारच जणी. आसनंही चारच, पाऊण तासाला पुरतात.

सर्टिफिकेट हवं असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा आहे, पण तिथं आसनं करून दाखवावी लागतात. ती तयारी वेगळी, घाईची नाही. सही-शिक्क्यावाचून वर्ग अडत नाही, पण आपण उपचार करतो असं पाटीवर किंवा तोंडी कधीही म्हणायचं नाही.

वेळ उन्हाळ्यात पहाटे साडेपाचची धरा, आठनंतर पत्र्याच्या हॉलमध्ये पडवणार नाही. पंखा थेट अंगावर नको. स्थिर पडलेलं अंग वैशाखातही गार होतं, म्हणून पातळ चादर हाताशी. लोडांची ऑर्डर मात्र आत्ताच टाक. लग्नसराई लागली की गादीवाला दीड महिना तुला दारात उभं करणार नाही.