वाचकांचे प्रश्न : पायलन शर्यतीचं विमान घरी बांधताना

रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या पायलन शर्यतीत मैदानावर तीन खांबांचा त्रिकोण असतो. त्याभोवती डावीकडे वळत दहा फेऱ्या मारायच्या, आणि खांबाच्या आतून वळलात तर दंड. या विमानांच्या बांधणीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : ट्रेनर विमान दोन वर्षं उडवतो आहे. शर्यतीसाठी स्वतः बांधायचं तर कोणत्या मापाचं बांधावं? (सांगली)

'क्विकी ५००' या अमेरिकी वर्गाचं. आंतरराष्ट्रीय एफ३डी वर्गाच्या मागे आत्ताच लागू नका. तिथे ६.६ सीसीच्या इंजिनावर ४०० मीटरच्या दहा फेऱ्या, म्हणजे ४ किलोमीटर, कसलेले पायलट ६० सेकंदांच्या आत उरकतात, आणि त्यासाठी साच्यातून काढलेली फायबरग्लास-कार्बनची विमानं लागतात. क्विकीचं धड म्हणजे चौकोनी पेटी. पंखाचं क्षेत्रफळ किमान ५०० चौरस इंच, लांबी ५० ते ५२ इंच, पूर्ण विमानाचं वजन कमीत कमी ३.७५ पौंड, म्हणजे १.७ किलो. पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा, त्यामुळे ५० बाय १० इंचांचा सरळ आयत धरून चाला. असा पंख पीळ न पडता कापता येतो, आणि घरी बांधणाऱ्याला तेच हवं असतं.

प्रश्न : मित्राच्या विमानाचा पंख पहिल्याच वळणात मधोमध मोडला. थर्माकोलचा पंख शर्यतीला चालतो का? (अलिबाग)

चालतो. मोडतो तो मधला जोड. सेकंदाला ४५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १६० किलोमीटरने, २० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं की विमानावर गुरुत्वाच्या दहापट जोर येतो. १.७ किलोचं विमान त्या क्षणी पंखाला १७ किलोचं लागतं.

थर्माकोल घनमीटरला साधारण १६ किलो वजनाचा घ्या. खोक्यातून निघालेला मोठ्या दाण्यांचा नको, तार त्यात अडखळते. पंखाच्या आकाराचे दोन साचे सनमायकाचे कापा, कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि ते ठोकळ्याच्या दोन टोकांना टाचून गरम तार फिरवा. उष्णता बरोबर असली तर तारेमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू निघतात. तार जास्त तापली तर खळगे पडतात. थंड असली तर मधल्या भागात मागे रेंगाळते आणि पंख मध्ये जाड किंवा पातळ होतो. वरखालची उरलेली टरफलं टाकून देऊ नका.

वरचं आवरण १.५ मिमी बाल्साचं, म्हणजे हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांचं. पट्ट्यांच्या कडा आधी सरळ करून जोडा आणि पॉलिशही चिकटवण्याआधीच करा. सावकाश सुकणारं इपॉक्सी जुन्या एटीएम कार्डाने इतकं पातळ ओढा की खालचे लाकडाचे रेषे स्पष्ट दिसावेत. दोन्ही अर्ध्यांना मिळून ६० ग्रॅमच्या आसपास पुरतं. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद थर्माकोल खातो, तो इथे लांब ठेवा. मग पंख त्याच टरफलांच्या मध्ये घालून ओट्याच्या ग्रॅनाइटसारख्या सपाट दगडावर ठेवा आणि वर २५-३० किलो वजन देऊन रात्रभर राहू द्या. टरफलं नसली तर दाबाखाली पीळ बसतो, आणि एकदा बसलेला पीळ निघत नाही.

दोन्ही अर्धे जोडल्यावर मधल्या जोडावर फायबरग्लास कापडाचे दोन पट्टे पंखाभोवती पूर्ण गुंडाळा: आधी ५ सेंमी रुंद, त्यावर १० सेंमी. दोन्हींच्या कडा एकाच रेषेत आल्या तर पंख त्याच रेषेवर तुटतो. सुकल्यावर पंख उलटा करून फक्त मध्यभागी टेका आणि १७ किलो वाळूच्या पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरा. जराही कडकड ऐकू आली तर तो पंख उडवू नका.

प्रश्न : सरळ छान जातं, पण खांबाशी एलेव्हेटर (शेपटीची वरखाली हलणारी पट्टी) जोरात ओढला की गर्रकन पलटी खातं. (नाशिक)

पंख 'स्टॉल' होतो. वेग भरपूर असला तरी हवेला पंखाचा कोन मर्यादेबाहेर गेला की उचल तुटते, आणि एक बाजू आधी सुटली की विमान फिरतं. पहिल्यांदा गुरुत्वमध्य तपासा. १० इंच रुंदीच्या पंखाला तो पुढच्या कडेपासून २.५ इंचांवर असावा. अर्धा इंच मागे असला तरी एलेव्हेटर अंगावर येतो. मग एलेव्हेटरची हालचाल मागच्या कडेशी मोजून वरखाली ४-५ मिमीवर आणा. ट्रेनरची सवय असलेले सगळे ती दुपटीने ठेवतात. एवढ्यानेही पलटी गेली नाही आणि विमान दर वेळी एकाच बाजूला पलटत असेल, तर पंखात पीळ आहे किंवा एक टोक जड आहे. शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखटोकांपर्यंत दोरा धरून अंतर मोजा, फरक २ मिमीच्या आत हवा. पंख आणि आडवी शेपूट दोन्ही शून्य अंशावर बसलेले असू द्या. इथे घाई केली तर पुढे कितीही ताकदीचं इंजिन लावा, वळणात सगळा वेग सांडतो.

प्रश्न : वेगात खाली येताना 'भुर्रर्र' असा आवाज आला आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) निखळला. बिजागरी मजबूत होती. (कोल्हापूर)

हा फ्लटर, म्हणजे हवेच्या वेगाने पट्टीला बसणारी थरथर. कुठेतरी खेळ आहे. सर्व्होचा, म्हणजे एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, हात धरून एलेरॉन बोटाने हलवा; मागची कड अर्धा मिमीसुद्धा हलता कामा नये. दोन्हींना जोडणारा पुशरॉड आखूड आणि ताठ असावा, सर्व्होवर आतलं भोक आणि एलेरॉनच्या हॉर्नवर (त्यावरच्या छोट्या दांडीवर) बाहेरचं भोक वापरा. बिजागरीची फट खालून फिल्मची पट्टी इस्त्रीने चिकटवून बंद करा. मागच्या कडेला जाड रंग देऊ नका, कारण बिजागरीच्या मागे वाढलेलं वजनच फ्लटरला आमंत्रण देतं. तो आवाज पुन्हा आला तर लगेच थ्रॉटल बंद करून नाक हळू वर घ्या. उतरल्यावर एलेरॉन साबूत दिसला तरी सर्व्होचे दाते आणि बिजागऱ्या बदलाच.

प्रश्न : इंजिन जमिनीवर उत्तम, वळणात मात्र लीन होऊन (इंधन कमी पडून) आवाज चढतो. इंधनही सहज मिळत नाही. इलेक्ट्रिक करावं का? (नागपूर)

आधी टाकी बघा. टाकीचा मध्य इंजिनाला जाणारं इंधन कमीजास्त करणाऱ्या सुईच्या झडपेपेक्षा ३ सेंमी खाली असला, तर दहापट जोराच्या वळणात ते अंतर ३० सेंमीसारखं वागतं आणि इंधन वर चढत नाही. दोन्हींचे मध्य एका पातळीत आणा, टाकी स्पंजात गुंडाळा म्हणजे फेस होणार नाही, आणि मफलरमधून टाकीला दाबाची नळी द्या.

इंधनाचीच अडचण असेल तर इलेक्ट्रिक करा. सुरुवातीला ४ सेलची लिपो, साधारण १३०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला १३०० फेरे) १००० वॉट पेलणारी मोटर, ८० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर आणि ९ बाय ७ प्रोपेलर. असा प्रोपेलर मिनिटाला १५,००० फेरे फिरला की ७ इंच पिचमुळे (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) हिशेबाने ताशी १६० किलोमीटर निघतात. वॉटमीटर लावून बघा: ६५ अँपिअरच्या वर गेला तर प्रोपेलर ८ बाय ७ करा. शर्यत दोन मिनिटांची धरली तर ६५ अँपिअरने सुमारे २२०० एमएएच जातात. बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त उपसायची नसल्याने ३००० एमएएचची घ्या आणि ती धडात पुढेमागे सरकवूनच गुरुत्वमध्य जुळवा. शिशाचे तुकडे चिकटवावे लागू नयेत.