एका सहीसाठी थांबायचं का? गुहागरच्या घराबद्दल

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. दोन वर्षं, चाळीसच्या वर घरं, शनिवारी पहाटे पुण्याहून घाट उतरायचा आणि रविवारी रात्री हात हलवत परत यायचं. आता गुहागर तालुक्यात चिऱ्याचं कौलारू घर मिळालंय. पडवीतून समुद्र दिसतो, किंमत आवाक्यात आहे. मात्र विकणाऱ्या चार भावंडांपैकी धाकट्या बहिणीची सही नाही. मध्यस्थ म्हणतो, तिघांचे हिस्से घेऊन टाका, बहिणीचं मागाहून बघू. तुमचे यजमान थकलेत, त्यांना घेऊन मोकळं व्हायचंय. तुमचं मन मात्र होत नाही, आणि आता तुम्हाला वाटायला लागलंय की आपणच फार चिकित्सा करतो.

तुमचं मन बरोबर सांगतंय. तिची सही होईपर्यंत विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका.

कारण असं. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मध्ये हे स्पष्ट आहे. म्हणजे तिघांना पूर्ण पैसे देऊन तुमच्या हाती येतो तो वाटपाचा दावा लावण्याचा हक्क, घराची किल्ली नव्हे. असे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि तोवर कौलं गळत राहतात. ‘बहिणीचं नाव सातबाऱ्यावरच नाही’ असंही तुम्हाला सांगतील. नाव नसलं म्हणून हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिला खरंच काही नको असेल, तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर खरेदीखतावर सही करावी. ‘ताई काही बोलणार नाही हो’ या वाक्यावर घर घेता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात आली नाही, म्हणून विचारते. घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे कितीतरी घरं अशी आहेत, की ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर एकाचं आणि सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याची. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, ती कर भरल्याची पावती आहे. जमीन शेतीची असेल आणि तुमच्यापैकी कोणी शेतकरी नसेल, तर कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. गावठाणातलं किंवा बिनशेती झालेलं असेल तर तो प्रश्न नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का, हे स्वतः वाचा. मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्या, आणि तो वकील मध्यस्थाने सुचवलेला नको. समुद्र इतका जवळ आहे, तर भरतीरेषेपासून अंतर किती हेही मोजून घ्या. ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरपर्यंत, आणि दाट वस्तीच्या गावांत 50 मीटरपर्यंत, नवं बांधकाम होत नाही. असलेल्या घराची डागडुजी करता येते, पण पुढे दोन खोल्या वाढवण्याचा बेत असेल तर तो आत्ताच तपासलेला बरा.

हे सगळं मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्हाला घर मिळायला साडेतीन वर्षं लागली. सुरुवातीला आमची चूक एकच होती, आम्ही घरं बघायला डिसेंबर-जानेवारीत जायचो. त्या दिवसांत कोकण कोणालाही आवडेल. हवा गार, विहीर काठोकाठ, आंब्याला मोहोर. आमच्या एका शेजाऱ्यांनी सांगितलं, घर आवडलं की वैशाखाच्या शेवटी एकदा जा आणि आषाढात एकदा जा. त्यानंतर आम्ही तसंच केलं.

मे महिन्यात विहिरीत वाकून बघायचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्यातून पाणी निथळून जातं आणि मे महिन्यात बायका हंडे घेऊन उतरताना दिसतात. विकणाऱ्याला विचारू नका, तो ‘बारमाही’च म्हणणार. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, शेवटच्या पंधरा दिवसांत पाणी कुठून आणता म्हणून. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं का, ते तोंडात घेऊन बघा. विहीर सामाईक असेल तर तुमचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या.

जुलैत छत्री घेऊन जायचं आणि घरात तासभर नुसतं बसायचं. कुठे गळतंय, भिंतीत ओल किती चढते, मागच्या दरडीतून पाणी कसं येतं, गाडी कुठपर्यंत पोचते आणि पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, पाय किती घसरतो, हे त्या एका तासात कळतं. वासे आणि तुळया काठीने ठोकून बघा. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून शाबूत दिसतं, पण आवाज पोकळ येतो. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यानंतर तर घराची उंची आणि मागचा डोंगर बघितल्याशिवाय मी कोणाला हो म्हणायला सांगत नाही.

आता तडजोडीबद्दल. तुम्ही विचारलंत, कुठे सोडायचं आणि कुठे धरून ठेवायचं. आमच्या घरात तिघांच्या तीन तऱ्हा होत्या. ह्यांना समुद्र हवा होता, लहानपण मालवणात गेलेलं. सासूबाईंना पुढे खळं आणि तुळशीवृंदावन. मला दवाखाना जवळ हवा होता, कारण सासूबाईंचं हृदयाचं दुखणं मीच बघत होते. दीड वर्ष आम्ही सगळंच एका घरात शोधत होतो, आणि प्रत्येक घरात कोणाचं तरी काहीतरी कमी पडायचं. मग एका रात्री भांडण झालं, चांगलंच झालं. त्या भांडणात हे म्हणाले, ‘मला समुद्र रोज बघायचा नाही, तो जवळ आहे एवढं कळलं तरी पुरे.’ हे वाक्य त्यांनी दीड वर्षात एकदाही उच्चारलं नव्हतं, कारण आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून शोध किनाऱ्यावरून आत सरकला. काजळी नदीच्या बाजूला, पुराच्या पाण्यापासून बऱ्यापैकी वर, रत्नागिरीच्या इस्पितळापासून पाऊण तासावर घर मिळालं. समुद्र दिसत नाही. संध्याकाळी गाडी काढून भाट्याच्या किनाऱ्यावर जातो.

म्हणून यजमानांना एकदा शांतपणे विचारा, त्यांना समुद्र हवाय की शोध संपायला हवाय. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, पण दुसरीवर घर घेऊ नये. थकवा आला असेल तर दोन महिने एकही घर बघू नका. आम्ही गौरी-गणपती ते दिवाळी अशी सुट्टी घेतली होती, आणि त्यानंतर बघितलेल्या तिसऱ्याच घराला होकार दिला.

सोडता येण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. समुद्र, दिशा, फरशी, न्हाणीघर बाहेर असणं, माजघरातला अंधार. कौलं बदलता येतात, काचेची कौलं टाकून उजेड आणता येतो. समुद्रासमोरच्या घराला तर खारा वारा कायमचा असतो. बिजागऱ्या, गज, पंखे, गाडीचा पत्रा सगळं लवकर गंजतं, तो खर्च दरवर्षी धरावा लागतो. कागद, पाणी आणि वाट या तिन्हींवर मात्र मी कधीच तडजोड करायला सांगणार नाही, कारण घर ताब्यात आल्यावर या गोष्टी पैशाने सहसा सुधारत नाहीत. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल आणि उद्या त्याने दगडी गडगा घालून ती अडवली, तर आजारी माणसाला उचलून न्यावं लागतं.

थांबण्याची किंमत असते, तीही सांगते. दापोलीकडचं एक घर आम्ही एका हिस्सेदाराच्या सहीसाठी सहा महिने धरून बसलो होतो. सही झाली, पण तोवर त्यांनी दुसऱ्याशी व्यवहार ठरवला. मी रडले होते. पुढे 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्या पट्ट्यात माडपोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, वीज कितीतरी दिवस नव्हती. लोक मला म्हणाले, बघ, वाचलीस. पण त्या घराच्या नव्या मालकांनी छप्पर घातलं, बाग पुन्हा लावली, आणि ते तिथे सुखात आहेत. घर चांगलंच होतं, आमच्या हातून गेलं. तुमच्याबाबतीतही तसं होऊ शकतं, आणि वाईट वाटेल. तरीही त्या सहीशिवाय पैसे देऊ नका.

थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असं मात्र नाही. धाकट्या बहिणीची सही का होत नाही, हे तुम्हाला मध्यस्थाकडून कळलंय, तिच्याकडून नाही. माहेरचं घर विकणं म्हणजे तिचा गणपतीला येण्याचा उंबरठा जाणं. आमच्या व्यवहारातही एक बहीण अडून बसली होती, आणि तिचे भाऊ म्हणत होते, जास्त पैसे हवेत तिला. सासूबाई तिच्याकडे ठाण्याला जाऊन आल्या. तिला तिच्या आईचं जातं हवं होतं. ते मागच्या पडवीत पडलं होतं, भावांनी घरासकट आम्हाला देऊन टाकलं होतं. आम्ही ते गाडीत घालून पोचवलं, तिच्या वाटणीचे पैसे तिच्याच खात्यात धनादेशाने जातील असं साठेखतात लिहिलं, आणि ती रत्नागिरीला येऊन सही करून गेली.

तुमच्या त्या ताईही गणपतीला गुहागरात येतील. सगळे भाऊबंद गावात असतात, मुखत्यारपत्राची भानगड लागत नाही. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या भेटीला मध्यस्थाला नेऊ नका, वकिलालाही नको. तुमच्या आईंना किंवा सासूबाईंना घेऊन जा, आणि किमतीचा विषय तिने काढला तरच काढा.