अटलांटाला येऊ का, विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोप उडाली, म्हणून लिहायला बसलो. भांडुपचा आहेस, कंपनी एल-1 वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, अटलांटाला पाठवतेय, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा सोबत असणार. जॉर्जियात, म्हणजे अटलांटाच्या राज्यात, 'बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या खातात' हे खरंच तापलंय, की नुसत्या बातम्या, असं तुझं विचारणं. वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करतोय. व्हिसाच्या पायऱ्या वकील सांगेल, तो त्याचेच पैसे घेतो. एच-1बी, म्हणजे आयटीवाले बहुतेक ज्यावर येतात त्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर 2025 च्या सप्टेंबरात एक लाख डॉलरचा बोजा टाकलाय, एल-1 ला तो नाही, तेवढ्यापुरता तू सुटलास. फक्त एल-1 वर कंपनी बदलता येत नाही. साहेबाशी वाजलं की बॅगा भरायच्या.

तर हो, तापलंय. 4 सप्टेंबर 2025 ला सव्हानाजवळ, ह्युंदाईच्या आवारात चाललेल्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर धाड पडली. 475 माणसं धरली, त्यात तीनशेच्या वर कोरियन. हाच प्रकल्प राज्याने हजारो नोकऱ्या आणणारा म्हणून वर्षानुवर्षं मिरवला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोन तट. एक म्हणे, सवलती आमच्या करांतून दिल्या, मग कामाला परदेशी कशाला? दुसरा म्हणे, यंत्रं बसवता येतात त्यांनाच बेड्या घातल्यात, आता कारखाना कोण चालू करणार, तू? मी मधे बसून डब्यातली भेंडी खात होतो. दोघांचे संवाद मला लहानपणापासून पाठ, फक्त मराठीत.

शेतीचंही तेच. 2011 मध्ये इथे बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा आला, मजूर घाबरून दुसऱ्या राज्यांत गेले आणि शेतकरी बोंबलले. तेव्हाचे गव्हर्नर नेथन डील यांनी प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली असलेल्या गुन्हेगारांना शेतावर पाठवायची शक्कल काढली. काकडी तोडायला आलेल्यांतले बरेच जण दुपारीच काम सोडून गेले. विडालियाचा कांदा इथली शान. त्याचं नाव कुणी लावायचं यालाही 1986 पासून कायदा आहे, राज्याच्या दक्षिणेतल्या ठरावीक काउंट्यांबाहेर (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) पिकला तर तो विडालिया नाही. म्हणजे कांद्यालासुद्धा डोमिसाइल. आणि तो काढणारे हात बहुतेक मेक्सिकोचे.

आता मला जे खुपतं ते. माझं बालपण लालबागचं. बाबा शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीत होते, मराठी माणसाला नोकऱ्या मिळाव्यात म्हणून लढणाऱ्या. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या 'मार्मिक'मध्ये कचेऱ्यांतल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या छापून यायच्या, ते अंक त्यांनी ट्रंकेत जपले होते. आपली बँकेतली नोकरी मोर्च्यांमुळे लागली असं ते शेवटपर्यंत म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्या पगारावर आम्ही दोघं भाऊ शिकलो. मला इंजिनिअरिंगला जागा मिळाली ती राज्याच्या कोट्यातून. त्या डोमिसाइल सर्टिफिकेटसाठी बाबांनी अर्धा दिवस रांग लावली आणि घरी येताना ते लॅमिनेट करून आणलं. ही गोष्ट मी मुलीला दर वर्षी सांगायचो. अभिमानाने.

आणि 2008 चा ऑक्टोबर. रेल्वेभरतीची परीक्षा होती, रविवार. केंद्रांवर उत्तरेतून आलेल्या पोरांना मारलं, ते तुला आठवत असेल. मी त्या सकाळी दादरच्या पुलावर होतो, दहा महिन्यांची मुलगी खांद्यावर झोपलेली. एक मुलगा आला, वीस-बावीसचा, छातीशी प्लास्टिकचं फोल्डर धरलेलं, आत मार्कशीटा दिसत होत्या. त्याने हिंदीत विचारलं, अंधेरीची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर. इंडिकेटर माझ्या डोक्यावरच होता. मी म्हटलं, "माहीत नाही." मराठीत, मुद्दाम. तो "थँक यू" म्हणून पुढे गेला. मी कुणाला हात लावला नाही, दगड मारला नाही. एवढंच. पण इथे पहिल्या वर्षी लायसन्सच्या काउंटरवर बाईने माझा कागद उलटसुलट करून "ही तारीख कसली ते मला ठाऊक नाही" म्हणत परत सरकवला, तेव्हा माझ्याही तोंडून "थँक यू"च निघालं.

आम्ही राहतो ती फोर्साइथ काउंटी. 1912 साली इथून हजाराच्या वर काळ्या लोकांना हाकलून दिलं होतं, आणि त्याविरुद्ध 1987 मध्ये मोर्चा आला तेव्हाही त्याच्यावर दगड पडले. आज त्याच रस्त्यांवर इडलीची पिठं विकणारी दुकानं आहेत. नव्या घरांना परवानगी देण्याच्या बैठकीत लोक उठून म्हणतात, शाळा भरल्या, रस्ते भरले, आता पुरे. बोलताना ते आपल्याकडे बघत नाहीत, आणि ते बघत नाहीयेत हे आपल्याला कळतं.

एकटेपणाचं विचारलंस. होतो, सवय होते. मंडळाचा गणपती असतो, शनिवार-रविवार कपडे धुण्यात जातो. पुढे.

मुलाच्या शाळेबद्दल मात्र नीट ऐक, कारण हे तुला वकील सांगणार नाही. शाळा उत्तम आणि फुकट. प्रश्न बारावीनंतर येतो. जॉर्जियात 1993 पासून होप स्कॉलरशिप आहे, राज्याच्या लॉटरीच्या पैशांवर चालते. चांगले मार्क असले की सरकारी विद्यापीठाच्या फीचा मोठा भार उतरतो, फार चांगले असले तर झेल मिलर स्कॉलरशिपमध्ये शिक्षणाची पूर्ण फी. माझी मुलगी चार वर्षांची असताना इथे आली. बालवाडीपासून सगळं इथेच, मार्क झेल मिलरच्या वरचे. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी अकरावीत अभिनंदनसुद्धा केलं. मग फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा रकाना आला. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले वगैरे चालतात, एच-4, म्हणजे एच-1बी वाल्यांच्या बायकामुलांचा व्हिसा, चालत नाही. बाईंना हे माहीतच नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, मी चौकशीच केली नाही, कारण तोपर्यंत ग्रीन कार्ड येईल असं धरून चाललो होतो. वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाही, असा नियम. रांगेतली माझी तारीख 2016 ची. अजून पाळी आलेली नाही. ती एकविसाची झाली की बहुधा माझ्या अर्जातूनही बाहेर पडेल. दर शुक्रवारी पेट्रोल पंपावर दोन डॉलरचं लॉटरीचं तिकीट मी घ्यायचो, ते त्या दिवसापासून बंद केलं. बायको म्हणाली, राज्य बुडालं बघ आता.

मुलगी रडली नाही. जेवता जेवता म्हणाली, "बाबा, हे तुमच्या त्या डोमिसाइलसारखंच ना?" मी वाटीतली आमटी ओरपत बसलो.

रात्री भावाला फोन केला, मुंबईत इंजिनिअरिंगला काही जमतं का बघ म्हणून. त्याने दोन दिवसांनी सांगितलं की दहावी-बारावी महाराष्ट्रातून नाही, राज्याच्या कोट्याचा भरवसा नाही, एनआरआयमधून बघावं लागेल. तिचा जन्म परळचा. बाबांनी लॅमिनेट केलेला माझा कागद त्याच्याच कपाटात आहे.

ये की नको, हे मी सांगणार नाही. येणार असशील तर मुलगा एकवीसचा कधी होतो ते आजच कॅलेंडरवर लिही आणि ग्रीन कार्डाची फाइल कधी सुरू करणार ते कंपनीकडून लेखी घे, 'आल्यावर बघू'वर विसंबू नकोस. तिघांच्याही जन्मदाखल्यांवर नावं आहेत का बघ. माझ्यावर नुसतं 'मुलगा' होतं, त्यासाठी बाबांना सत्तरीत पाच खेपा घालाव्या लागल्या.

आणि विडालिया गोड असतो, कांदाभजीला चालत नाही. लाल कांदा मेक्सिकन दुकानात मिळतो. तिथला काउंटरवरचा माणूस मला कायम स्पॅनिशमध्येच विचारतो, पिशवी हवी का.